नगरकर, २०१४ मी गाळलं हे कबूल. बाकीचं मात्र नाही

सलाम, नगरकर.

दक्षिण कोरियात सेऊलच्या योइदो फुल गॉस्पेल चर्चवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्या चर्चचे संस्थापक पाळक चो योंग-गी यांच्यावर मी आरती ओवाळली, कोर्टानं त्यांना दोषी ठरवलं ते लपवलं, बायकांना घरोघर पाठवून माणसं गोळा केली यापलीकडे त्यात तंत्र काही नाही, आणि लाखो सभासदांची मंडळी म्हणजे चर्च नव्हे, कंपनीच, त्यापेक्षा आपली साठ घरांची मंडळी बरी, असं तुमचं म्हणणं.

लपवलं नव्हतं, गाळलं होतं. लेख घरसंगतींवर, म्हणजे घरोघरी भरणाऱ्या छोट्या प्रार्थना-बैठकांवर, होता म्हणून बाजूला ठेवलं. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच, तेव्हा चूक माझी. तर ते इथे लिहितो. २००२ मध्ये चो यांच्या मुलाकडचे एका कंपनीचे शेअर्स मंडळीच्या पैशातून बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला घेतले गेले. मंडळीचं सुमारे १३ अब्ज वॉनचं नुकसान झालं. २०११ मध्ये मंडळीतल्याच काही वडिलांनी, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांनी, तक्रार केली. २०१४ मध्ये कोर्टानं चो यांना विश्वासभंगाबद्दल दोषी ठरवलं, शिक्षा स्थगित ठेवली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दोष कायम राहिला. २०२१ मध्ये ते वारले. तक्रार करणारे बाहेरचे कुणी नव्हते, आतले होते, एवढं ध्यानात ठेवा. त्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता बायकांचं. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे.

१९५८ मध्ये ही मंडळी सुरू झाली ती चोई जा-शिल नावाच्या बाईंच्या घरात, पाच माणसांत, आणि मग फाटक्या तंबूत. चोईबाई प्रशिक्षित नर्स, बायबल स्कूलमध्ये चो यांच्याबरोबर शिकलेल्या, पुढे त्यांच्या सासूबाई झाल्या. सहा वर्षांत दोन-अडीच हजार माणसं झाली. उपदेश, बाप्तिस्मा, आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी सगळं एकटे चो करायचे आणि १९६४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, उपासना चालू असतानाच कोसळले. अंथरुणात पडून त्यांनी बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा अठरावा अध्याय वाचला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसतो आणि सासरा इथ्रो त्याला सांगतो, असा तर तू झिजून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम. चो यांनी पुरुष डीकनांना, म्हणजे मंडळीच्या सेवकांना, विचारलं. नोकरी आहे, वेळ नाही, आम्हाला शिकवता येत नाही, अशी उत्तरं आली. बायका हो म्हणाल्या. साठीच्या दशकातल्या कोरियात एका बाईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वचन समजावून सांगायचं म्हणजे काय, याचा अंदाज आपल्याकडच्या ज्या आजीनं घरप्रार्थना चालवली असेल तिला विचारा. त्याला 'पाठवलं' म्हणू नका.

आणि हे सेऊलमध्येच का चाललं? १९६० मध्ये त्या शहरात चोवीस-पंचवीस लाख माणसं होती, १९८८ पर्यंत एक कोटीच्या वर गेली. खेड्यातून कारखान्यात आलेला माणूस, भाड्याची खोली, ओळखीचं कुणी नाही. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या आठवा, तिथे माणूस मुंबईत राहूनही आपल्या गावातच राहायचा. आठवड्याला पाच-दहा घरांची बैठक, गीत, वचन, प्रार्थना, आणि कोण आजारी, कोणाची नोकरी गेली याची विचारपूस. संख्या वाढली की बैठक दुभंगायची आणि अर्धी घरं मदतनीस बाईकडे जायची. माझ्या मते सगळ्यात अवघड काम हेच. जमलेला गोतावळा मोडायला कुणाला आवडतं? आपल्याकडे दोन घरप्रार्थना वेगळ्या केल्या तर 'फूट पडली' म्हणून वर्षभर चर्चा चालते.

अडचणी त्यांनाही आपल्यासारख्याच आल्या. यजमानीणबाईंमध्ये जेवणावळीची चढाओढ लागली, शेवटी फक्त चहापाणी असा नियम करावा लागला. बैठकीत ओळख झाली की उसनवारी सुरू, व्याजासकट; तीही बंद करावी लागली. हे वाचून मला हसू आलं, तुम्हालाही येईल.

आता कंपनीचा मुद्दा. इथे तुम्ही निम्मे बरोबर आहात. इथ्रोच्या त्याच सल्ल्यात, निर्गम १८:२१ मध्ये, नायक कसे असावेत तेही आहे: लायक, देवाला भिणारे, विश्वासू आणि अन्यायाच्या पैशाचा तिटकारा असलेले. चो यांनी त्या वचनातली संख्या उचलली आणि माणसांच्या काळजीची वाटणी दहा-दहा घरांपर्यंत नेली. पैशाची वाटणी तशी खाली गेली नाही. कोणाच्या मुलाला ताप आलाय हे बैठकीतल्या बाईला त्याच आठवड्यात कळायचं. अब्जावधी वॉनचे शेअर्स घेतले जाताहेत हे तिला कोण विचारणार? वडिलांनी तक्रार केली ती खरेदीनंतर नऊ वर्षांनी. मंडळी मोठी होती म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. काळजीच्या बाजूनं ती लहान करून ठेवली होती, पैशाच्या बाजूनं नाही. २००८ मध्ये चो यांच्या जागी ली यंग-हून आले आणि २०१० मध्ये वीसेक प्रादेशिक मंडळ्या स्वतंत्र केल्या गेल्या, लाखो सभासद एका फटक्यात पटावरून गेले. आकडा मिरवणाऱ्या मंडळीला हे सोपं गेलं नसणार.

लहान म्हणजे सुरक्षित, हेही मला पटत नाही. आपल्याकडचंच बघा. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र, परदेशी पैसा नाही. कल्पना केवढी मोठी, माणसं मोजकी. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. तिथे घोटाळा नव्हता, इमारतीचं कर्जही नव्हतं. सगळं एका माणसावर होतं, बस्स.

आमच्या मंडळीचं नाव लिहीत नाही, पण पंचकमिटीत मी सहा वर्षं होतो. वर्षातून एकदा, सभेच्या शेवटी, लोक चपला शोधत असताना जमाखर्च वाचला जायचा. मी सुचवलं की दर तीन महिन्यांनी तो घरप्रार्थनेत वाचावा. नऊपैकी दोन गटांनी वाचला. एका गटातल्या आजींनी विचारलं, पार्सनेजचं, म्हणजे पाळकांच्या घराचं, वीजबिल उन्हाळ्यात तिप्पट का? उत्तर द्यायला खजिनदारांना तीन आठवडे लागले, आणि पुढच्या निवडणुकीत मी पडलो.

मूळ लेखात २०१४ चा परिच्छेद आज जोडतोय. तुमच्या प्रतिक्रियेमुळे जोडला असं लिहिलं तर चालेल ना, तेवढं कळवा. आणि तुमच्या साठ घरांत हिशेब कोण वाचतं, तेही.