वाफशाला दुसरा शब्द नाही

आज पुतण्याची निबंधाची वही चाळली आणि डोके तापले. ‘पाऊस पडून गेल्यावर आजोबा वाफशाची वाट पाहतात’ या वाक्यातील ‘वाफसा’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून शेजारी ‘आर्द्रता’ असे लिहिलेले होते. मराठवाड्यातील, काळ्या रानांनी वेढलेल्या शाळेत हे व्हावे! आर्द्रता हवामान खाते सांगते. वाफसा म्हणजे पावसाचे पाणी मुरून मातीत ओल तेवढी राहते, मुठीत दाबलेला गोळा बोटाच्या धक्क्याने भुसभुशीत फुटतो आणि तिफणीच्या फणाला चिखल धरत नाही, ती अवस्था. ती साधली नाही तर फण तरी भरतात, नाहीतर बी कोरड्यात पडते.

अर्थात हा गुन्हा मीही केलेला आहे. लिहायला लागलो तेव्हा समानार्थी शब्दांचा कोश विकत घेतला आणि अण्णांच्या पेरणीवरचा पहिला लेख त्यात बुडवून काढला. मातीची ‘मृत्तिका’ झाली, अण्णांचे ‘पिताश्री’ झाले. लेख वाचून दाखवला तेव्हा टोपी गुडघ्यावर ठेवून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, “चांगलं हाय. पन त्या मानसाची पेरणी झाली का?”

तो माणूस ते स्वतः होते.

संस्कृतातल्या अमरकोशात पाण्याला जल, वारि, सलिल, तोय, उदक अशी वीसहून अधिक नावे आहेत आणि लघु-गुरू जुळवणाऱ्या कवीची त्यांनी सोय होते. आपण गद्य लिहितो. उदक दान देताना सोडतात, जल सरकारी योजनेच्या फलकावर असते, आणि उन्हाळ्यात गावात टँकर आला की घागर घेऊन बाई धावते ती पाण्यासाठीच.

जिभेवर अडलेला शब्द कोश काढून देतो, हे मान्य. मोल्सवर्थच्या 1831 सालच्या मराठी-इंग्रजी कोशात तर बोलण्यातले शब्दही मेहनतीने टिपलेले आहेत. पण आपण हौशी लेखक कोश उघडतो ते बहुधा घरातल्या शब्दाची लाज वाटते म्हणून. अण्णांनी तो प्रश्न विचारेपर्यंत मलाही वाटत होती.

वही तपासणाऱ्या बाईंवरचा राग आता ओसरला आहे. त्यांच्याही वहीत कुणीतरी असेच वर्तुळ काढले असेल.

हे लिहायला बसण्यापूर्वी पुतण्याचा निबंध अण्णांना वाचून दाखवला. वाफशापाशी येताच त्यांनी मला थांबवून विचारले, “कोनत्या रानात?”