स्टिकरवरचे साडेचार घोडे

चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलची मशीन, घ्यायचीच असेल तर वादळ येऊन गेल्यावर घ्यावी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, सुपारीच्या आणि माडांच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अशा दिवसांत गिऱ्हाईक फार गोड वागतं. माड घरावर, वीज गेलेली, रस्ता बंद. ते ‘आहे ती द्या’ म्हणतं आणि नोटा मोजतं. तुम्हीही असेच व्हा. फेब्रुवारीत, हाताशी वेळ असताना चार दुकानं फिरून ‘क्लच मिळतो का, कॉइल ठेवता का’ असं विचारणारा माणूस बाजाराला शोभत नाही.

दुकानात शिरलात की खोकं वाचा, मशीन बघू नका. ५८ सीसी, ४.५ एचपी असं छापलेलं दिसलं की विषय संपला. काही संशयी लोक माहितीपत्रकात पिस्टनचा व्यास आणि स्ट्रोक शोधतात. समजा ते ४५ आणि ३३ मिलिमीटर निघाले, तर ४५ गुणिले ४५ गुणिले ३३ गुणिले ०.७८५ करून साडेबावन्न सीसी येतात. उरलेले साडेपाच सीसी थर्माकोलखाली राहिले असतील, नीट बघा. घोड्यांचंही तेच. साडेचार एचपी म्हणजे जवळजवळ ३.३५ किलोवॉट. एवढी ताकद रोजच्या जंगलकामासाठी बनवलेल्या ६० सीसीच्या महागड्या मशीनला मिळते. साध्या बांधणीच्या ५५ सीसीला अडीच किलोवॉटच्या आसपास. पण तुमच्यासाठी डीलरने हे घोडे एवढ्या स्वस्तात आणलेत, तर त्यांचे दात मोजू नयेत.

डेमो अवश्य घ्या. दुकानामागे पांगाऱ्याचा किंवा सावरीचा ओंडका ठेवलेला असतोच, त्यात मशीन लोण्यात घुसावी तशी घुसते. ऐन, किंजळ किंवा वाळलेला काजू गाडीत टाकून नेऊ नका. डीलरला वाईट वाटतं.

बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, २२ इंचीच मागा. शेजाऱ्याकडे २० आहे ना! .३२५ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) चेनवर दर १.३ इंचाला एक दात येतो, म्हणजे अख्खा बार फणसाच्या बुंध्यात बुडवला की सोळा-सतरा दात एकदम लाकूड ओढायला लागतात. १६ इंची बारवर ते बाराच असतात, आणि तेच इंजिन जोमाने कापतं. पण जोम कुणाला दाखवायचाय? लांबी लांबून दिसते. शिवाय एवढ्या लांब बारच्या टोकापर्यंत तेल पोचवणं त्या लहानशा पंपाला जमलं नाही, की टोकाकडून निळा धूर येतो, तोही लांबून दिसतो.

आता चेन. खोक्यातली चेन धारदारच आहे असं समजून चाला. भुसा पिठासारखा बारीक पडतोय, मशीन दाबल्याशिवाय खाली उतरत नाही, कापही एका बाजूला वळतोय? तर म्हणा, इंजिनात दम नाही. गोल कानशीने प्रत्येक दाताला ३० अंशात दोन-तीन हात मारून बघायचं, डाव्या-उजव्या दातांची लांबी सारखी ठेवायची, असली उठाठेव करू नका. तसं केलं तर त्याच मशीनमधून जाड ढलपे पडायला लागतात आणि तक्रारीचं कारणच जातं. .३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटरची कानस लागते. डीलर हाताला लागेल ती देतो, ती घ्या. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा ०.६५ मिलिमीटरच्या आसपास खाली असायला हवा. दोन-चार धारांनंतर तो चपट्या कानशीने उतरवायचा असतो. तो तसाच राहू द्या, दात लाकडावरून नुसते घसरतील. अंगाशी आलंच, तर फांदी जांभ्या दगडावर टेकवून आरपार कापा, म्हणजे प्रश्न कायमचा मिटेल. किनाऱ्यालगतच्या वाडीतल्या माडाच्या बुडाला वाळू चिकटलेली असते, ती आधी झाडणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

खरा आनंद कार्बोरेटरमध्ये आहे. डीलर मशीन खोक्यातून काढतो, एकदा दोरी ओढतो आणि तुमच्या हातात देतो. एच स्क्रू (पूर्ण वेगात पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) कुठे आहे हे त्याने पाहिलेलं नसतं. तो आत पिळलेला असला की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. रिकाम्या हवेत मशीन किंचाळते, तुम्हाला वाटतं काय जोर आहे, आणि लाकडात टेकवली की मान टाकते. स्क्रू एक ते सव्वा फेरा बाहेर घेऊन, मग पूर्ण ॲक्सिलरेटरवर आवाज जरा भरडा, तुटक येईल आणि लाकडात शिरल्यावर तो स्वच्छ होईल इतपत लावायचा असतो, हे तुम्हाला कळलं तरी त्यावर प्लॅस्टिकची टोपी असते आणि डोकं असं की साधा स्क्रूड्रायव्हर बसत नाही. डीलरकडे तो स्क्रूड्रायव्हर नसतोच. त्याच्याकडे एक वाक्य असतं: “मशीन नवीन आसा, जरा रुळूक व्हयी.” रुळेपर्यंत पिस्टन घासलेला असतो.

पेट्रोलचंही मनावर घेऊ नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, पण पुस्तिका वाचायची नसतेच. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे कारखान्यात लावलेलं मिश्रण आणखी कोरडं होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यात कोकणातली हवा. अर्धा भरलेला डबा जुलैभर पडवीत ठेवला की इथेनॉल ओलावा ओढतं, पुरेसं पाणी झालं की तेवढा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाला बसतो. इंजिनासाठी मिसळलेलं टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाला असतो. ऑइलचं माप? २५:१ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिलि, ५०:१ असेल तर २० मिलि. डीलर ‘झाकणभर’ म्हणतो. कुठल्या बाटलीचं झाकण, हे विचारणारे लोकच दुकानाचं वातावरण बिघडवतात.

बारसाठी गॅरेजमधलं काळं ऑइल फुकट मिळतं, ते घाला. त्यातला धातूचा कीस पंपाला पॉलिश करतो. पेट्रोलची टाकी संपताना ऑइलचीही जवळजवळ संपायला हवी. ती भरलेलीच दिसली तर काटकसर समजा, बारचं तेलाचं भोक सुपारीच्या तंतूंनी बुजलंय का ते बघू नका. चेनब्रेक लावलेला असताना जोरात रेस करून पाहा. क्लच तापतो, शेजारचं, ऑइल पंप फिरवणारं प्लॅस्टिकचं गिअर वितळतं, आणि ऑइलचा प्रश्न सुटतो.

मग एक दिवस मशीन अडकते. वॉरंटी कार्ड काढा. त्यावर शिक्का नसेल, कार्बोरेटर, चेन, बार, प्लग वगळलेले असतील, आणि उरलेल्या इंजिनाबद्दल निकाल काउंटरवरच, मशीन न उघडता लागेल: “तुम्ही ऑइल कमी घातलंत.” मान डोलवा. सायलेन्सरचे बोल्ट काढून पिस्टन बघण्याचा आग्रह धरू नका. कारण ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर बहुतेक वेळा मिश्रण कोरडं होतं किंवा कुठून तरी हवा शिरत होती; कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर एअर फिल्टरमधून भुसा गेला; ऑइलच नसेल तर ते चौफेर दिसतात. एवढं दिसल्यावर बोलणं अवघड होऊन बसतं. तसंच, बंद मशीन दोरीच्या मुठीने लटकवून सोडली तर चांगलं कॉम्प्रेशन असलेली मशीन अडखळत, सावकाश खाली येते आणि गेलेली सरसर. हा प्रयोग गिऱ्हाइकांच्या गर्दीत करणं असभ्यपणाचं आहे.

पार्ट कोल्हापूरहून येतोय. गणपती झाले की येईल. मग शिमग्याला. तोवर मशीन टाकीत पेट्रोल ठेवूनच कोपऱ्यात उभी करा. टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवली तर कार्बोरेटरमधला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, मऊ राहतो आणि दुकानाचं नुकसान होतं. पुढच्या मेमध्ये ती सुरू होणार नाही. ‘कार्बोरेटर सर्व्हिस, डायफ्राम किट’ अशी पावती मिळेल. किट खरंच बदललं का, हे कार्बोरेटरवरच्या पत्र्याच्या झाकणाचे चार स्क्रू काढले की दिसतं. ते तुम्हाला काढता येतात, हे डीलरला कळू देऊ नका.