‘मशीन लावलं की कान आळशी होतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज ज्याने त्याने पुढे ढकललाय. त्यात म्हटलंय की कमी ऐकू येणं हा वयाचा भाग आहे, त्याचा उगाच बाऊ केलाय, घरच्यांनी जरा मोठ्याने बोललं की झालं, कानाचं मशीन (श्रवणयंत्र) लावलं की कान आळशी होतात आणि उरलंसुरलं ऐकणंही जातं, कमी ऐकण्याचा आणि डिमेन्शियाचा (स्मरणशक्ती, विचारशक्ती ढासळत जाण्याचा आजार) संबंध ही मशीन कंपन्यांनी उठवलेली आवई आहे, आणि कान अचानक बंद झाला तर घाबरू नका, आपोआप सुटतो. वाचायला एकदम शहाण्या माणसाने लिहिल्यासारखं वाटतं, म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन बोलूया.

वयाचा भाग म्हणे. वयाने ऐकणं कमी होतं हे खरंच आहे, पण फक्त वयाने नाही ना. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा रिपोर्ट सांगतो की जगात सुमारे ४३ कोटी लोकांना उपचार किंवा मदत लागेल इतकं कमी ऐकू येतं, आणि त्यातली ३ कोटी ४० लाख मुलं आहेत. आता या मुलांचं काय वय झालंय का? उलट मुलांमधला जवळपास ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारख्या कारणांनी होतो: रुबेला, मेंदूज्वर, वाहत्या कानाकडे केलेलं दुर्लक्ष, कानाला घातक ठरू शकणारी काही औषधं (जेंटामायसिन, अमिकासिन वगैरे). लस आणि वेळेवर उपचार मिळाले तर यातलं बरंच थांबवता येतं, मग हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न नाही तर काय आहे?

तरुणांचं तर अजून वेगळंच, त्यांना धोका मोठ्या आवाजाचा. ८० डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आवाज कानाला आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. आकडा बघितला तर १० नेच वाढला, पण डेसिबलचं गणित असं आहे की दर १० ला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणून वेळ दहापटीने कमी. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात, त्या मेल्या की माणसात परत येत नाहीत. (पक्ष्यांमध्ये येतात, आपलं नशीब नाही.)

‘मोठ्याने बोला’ हा सल्ला देणाऱ्याने बहुतेक कधी अशा माणसाशी नीट बोलून बघितलेलं नाही. वयाने आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे स, श, फ सारखी व्यंजनं, स्वर मात्र चांगले ऐकू येतात. म्हणून ‘साठ’ चं ‘आठ’ होतं आणि मग घरचे म्हणतात, हवं ते बरोबर ऐकू येतं यांना! ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं मागेच राहतात, समोरच्याला गोंगाट वाढतो आणि अर्थ कळत नाही, वर आपला चेहरा रागावल्यासारखा दिसतो तो वेगळाच. त्यापेक्षा समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला आणि टीव्ही बंद करा.

आता मेन मुद्दा, कान आळशी होतात. हे येतं कुठून तेही सांगते. मशीन महिनाभर वापरलं आणि काढलं की आधीपेक्षा कमी ऐकू आल्यासारखं वाटतं, कारण मेंदूला आता नीट ऐकायची सवय झालेली असते. शिवाय वयाने होणारी घट मशीन असो नसो चालूच राहते, खापर मात्र मशीनवर. पण चुकीचं सेट केलेलं, फार जोरात आवाज देणारं मशीन त्रास देऊ शकतं हे मान्य, म्हणून तर आधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून त्याप्रमाणे सेटिंग करतात, दुसऱ्याचं जुनं यंत्र उचलून लावायचं नसतं. आणि चष्मा लावला की लगेच स्पष्ट दिसतं तसं इथे होत नाही, पंखा, कागद, भांडी सगळंच अंगावर येतं, काही आठवडे द्यावे लागतात. याच टप्प्यावर बरेच जण ते ड्रॉवरमध्ये टाकतात.

डिमेन्शियाबद्दल मेसेजमध्ये एक कण खरं आहे, सरसकट भीती घालणाऱ्या जाहिराती असतात. पण संबंध कंपन्यांनी शोधलेला नाही. लॅन्सेट कमिशनने (लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेला तज्ज्ञांचा गट) २०१७, २०२० आणि २०२४ तिन्ही वेळा कमी ऐकू येणं हा बदलता येण्यासारखा धोका म्हणून नोंदवलाय. २०२३ मध्ये आलेल्या अचीव्ह ट्रायलमध्ये (मशीनने वृद्धांच्या विचारशक्तीची घसरण कमी होते का हे बघणारी चाचणी) मात्र सगळ्यांचा मिळून तीन वर्षांत फरक दिसला नाही, ज्यांना मुळातच धोका जास्त होता त्यांच्यात विचारशक्तीची घसरण ४८ टक्के कमी दिसली. म्हणजे ‘मशीन लावा, डिमेन्शिया टळेल’ असं कुणी सांगत असेल तर तेही खोटं, आणि ‘सगळी आवई’ हेही खोटं.

शेवटचं वाक्य या मेसेजमधलं सगळ्यात घातक आहे. अचानक कान बंद होणं कधी नुसता मळ किंवा सर्दी असते, ठीक. पण एका कानाने काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर आतल्या कानाची नस गेलेली असू शकते, ती कधीकधी आपोआप सुधारते पण कोणाची सुधारेल हे आधी कळत नाही. स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असते, नंतर पटकन घसरते. मळ आहे की नस हे घरी बसून ओळखता येत नाही, त्यामुळे थेंब टाकत वाट बघू नका, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे) जा आणि ‘अचानक झालंय’ हे आधी सांगा.