खोक्यातली जीप आणि मामांचे दहा हजार

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन. "अरे, दहा हजार टोकन भरू का? बाकीचे गाडी आल्यावर द्यायचेत." गाडी कुठली, तर दुसऱ्या महायुद्धातली जीप. अमेरिकन लष्कराच्या गोदामात लाकडी खोक्यात सीलबंद पडलेली, एक किलोमीटरही न चाललेली. मामांनी उमेदीची दहा वर्षं कराड-पाटण रस्त्यावर वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप, चालवलंय. जीप म्हटलं की त्यांची अक्कल हँडब्रेक न लावता उतारावर उभी असते. त्यांना आलेला मेसेज मागवून घेतला. वर 'जीपचा खरा इतिहास', खाली मोबाइल नंबर.

आधी खोकं, कारण पैसे तिथे जाणार होते. मेसेज म्हणतो, युद्ध संपल्यावर लष्कराने लाखो कोऱ्या जीपा खोक्यांसकट ५० डॉलरला विकल्या आणि उरलेल्या आता भारतात येताहेत. जीपा खोक्यातून जायच्या, एवढं नाइलाजाने कबूल करतो. जहाजात जागा अपुरी, म्हणून चाकं काढून, पुढची काच आडवी पाडून, एका खोक्यात एक, कधी दोन गाड्या भरून समुद्रापार पाठवत आणि तिकडे जोडून घेत. युद्धानंतर सरकारने शिल्लक गाड्या विकल्या, हेही खरं. पण १९४१ मध्ये विलिस या अमेरिकन मोटार कंपनीला जीपांचं मोठं कंत्राट मिळालं तेव्हा एका जीपचा दरच ७४० डॉलरच्या आसपास होता. ती कोरी गाडी कोण ५० ला देईल? अमेरिकेत मासिकांच्या मागच्या पानांवर 'स्वस्तात जीप'च्या जाहिराती वर्षानुवर्षे यायच्या. पैसे पाठवले की घरी जीप नाही, माहितीपुस्तिका यायची. म्हणजे ही थाप मामांच्या वडापपेक्षाही जुनी.

बरं, खोकं निघालं असं धरू. ऐंशी वर्षं पडलेलं रबर म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यभर पंक्चर काढली त्याला मी सांगायचं? अंगणात चार पावसाळे उभ्या गाडीचे टायर तडकतात. इथे टायर, होजपाइप, ऑइल सील, वायरिंग सगळंच आजोबांच्या वयाचं. मी म्हटलं, मामा, नंबरवाल्याला एकच विचारा, कस्टमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे परदेशातून माल आणल्याचा कागद, दाखव. मामांनी विचारलं. त्याने मामांना ब्लॉक केलं.

आता इतिहास. मेसेज म्हणतो, जीप फोर्डने शोधली. मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो. ११ जुलै १९४० ला अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. चारही चाकांना ताकद देणारी हलकी गाडी हवी, वजन १३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो, आणि नमुना ४९ दिवसांत. उत्तर दिलं फक्त दोघांनी, अमेरिकन बँटम आणि विलिस-ओव्हरलँड. बँटम ही पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, दिवाळखोरीच्या काठावरची छोटी कंपनी. तिने डेट्रॉइटहून कार्ल प्रोब्स्ट नावाचा इंजिनिअर बोलावला. आधी तो बिनपगारी कामाला तयार झाला. दोन दिवसांत त्याने आराखडा कागदावर उतरवला, २२ जुलैला निविदा गेली. कंपनीच्या माणसांनी जुन्या-नव्या भागांतून नमुना उभा केला आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, तो मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डच्या फाटकातून आत गेला. 'एका माणसाने दोन दिवसांत जीप बनवली' हे मेसेजमधलं दुसरं वाक्य इथून आलंय. दोन दिवसांत रेघा झाल्या, गाडी नाही.

मग लष्कराने काय करावं? बँटमची ड्रॉइंग विलिस आणि फोर्डच्या हातात ठेवली. एवढीशी कंपनी लष्कराला पुरेल इतक्या गाड्या काढेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. विलिस आणि फोर्ड दोघांचे नमुने नोव्हेंबरात आले. विलिसचं बळ इंजिनात होतं, त्यांच्या डेल्मर रूसने तयार केलेलं ६० अश्वशक्तीचं 'गो डेव्हिल', आणि शेवटी कंत्राट त्यांनाच गेलं. फोर्डने पुढे विलिसच्याच आराखड्यावर गाड्या काढल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांवर, बँटमच्या जेमतेम अडीच-पावणेतीन हजार. उरलेलं युद्ध बँटमने ट्रेलर बनवले.

हे माझं भावनिक मत आहे असं वाटत असेल तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचं, म्हणजे खोट्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं ऐका. 'जीप आम्ही निर्माण केली' अशा जाहिराती विलिस करत होती, त्यावर १९४३ मध्ये तक्रार दाखल झाली आणि १९४८ मध्ये निकाल लागला. मूळ कल्पना बँटमने लष्करी अधिकाऱ्यांच्या साथीने आकाराला आणली, तेव्हा विलिसने एकटीने श्रेय घेऊ नये. खुद्द विलिसला जे म्हणायची परवानगी नाही, ते फोर्डच्या नावावर खपवायचं?

'जीपी म्हणजे जनरल पर्पज, त्याचं झालं जीप.' हेही सगळीकडे फिरतं. फोर्डच्या जीपी गाडीतला जी सरकारी कंत्राटाचा आणि पी ८० इंची व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा, ते कंपनीचं अंतर्गत सांकेतिक नाव. 'जीप' हा शब्द सैनिकांच्या तोंडी त्याआधीपासून होता, आणि पॉपायच्या चित्रकथेत १९३६ मध्येच यूजीन द जीप नावाचा प्राणी आला होता. जीपीच्या उच्चाराने शब्द पक्का व्हायला हातभार लागला असेल, तेवढं सोडून देतो.

मेसेज म्हणतो, जीपच्या पुढच्या जाळीतल्या सात फटी म्हणजे सात खंड. युद्धातल्या जाळीला नऊ फटी होत्या. तेव्हा काय नऊ खंड होते?

शेवटी महिंद्रा. १९४५ मध्ये फोर्डकडून डिझाइन विकत घेतलं म्हणे. त्या वर्षी कंपनीचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं आणि धंदा पोलादाचा. यातले गुलाम मोहम्मद पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. जीपचा संबंध आला तो विलिसशी, फोर्डशी नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिसच्या जीपा सुट्या भागांत मुंबईला उतरायच्या आणि माझगावात जोडल्या जायच्या. मामा, खोक्यातून आलेली जीप हवीच होती ना? ती ही. तुमची वडापची गाडी त्याच घराण्यातली.