एकच मशीन, पाच नंबर

परवा जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडिंग लाइनवरचा एक मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पीएफचे जुने पैसे एका खात्यात गोळा करायचे होते, मोबाइलवर जमत नव्हतं. मी त्याचं पासबुक उघडलं. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच, पण त्याखाली पाच वेगवेगळे मेंबर आयडी, पाच वेगवेगळ्या आस्थापनांची नावं. मधेमधे बारा दिवस, वीस दिवस अशा रिकाम्या जागा. मी विचारलं, "तीन वर्षांत पाच कंपन्या बदलल्यास?" तो म्हणाला, "नाही मॅडम. मी पहिल्यापासून इथंच आहे. त्याच मशीनवर."

ती पाच नावं ठेकेदारांची होती. कंपनी तीच, गेट तेच, मशीन तेच. दर सात महिन्यांनी त्याला 'ब्रेक' दिला जायचा आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तो परत त्याच मशीनवर उभा राहायचा. मला या कंपनीत येऊन दोन वर्षं झाली. ठेकेदाराच्या मुलांच्या फायली आमच्या कपाटात नसतात, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं. पण नसतात म्हणून मी त्या मागवूनही कधी बघितल्या नाहीत, हेही तेवढंच खरं आहे. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

चाकण-भोसरी पट्ट्यात एचआरचं काम करून मला चौदा वर्षं झाली. या काळात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे 'पोरं टिकत नाहीत'. प्रॉडक्शनवाले म्हणतात, मालक म्हणतात, ठेकेदार तर म्हणतोच. मीही म्हटलंय. आज मला जाहीरपणे सांगायचंय की हे खरं नाही. पोरं टिकू नयेत अशाच पद्धतीने आपण त्यांना घेतो.

सात महिन्यांचं गणित आधी सांगते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेल्या नियमानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती सलग एक वर्षाची सेवा धरली जाते. मग त्या कामगाराला सहज काढता येत नाही, नोटीस द्यावी लागते, नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून २४० भरायच्या आत ब्रेक. कामगाराच्या संरक्षणासाठी लिहिलेला आकडा आपण त्याला बाहेर काढायची तारीख म्हणून वापरतो. आणि नुकसान कुणाचं होतं? ग्राइंडिंगवर नवा मुलगा पहिले दोन महिने नुसता घाबरलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात व्हीलच्या आवाजावरून ड्रेसिंगची, म्हणजे व्हीलला पुन्हा धार काढायची वेळ झाली हे त्याला कळायला लागतं. सहाव्या महिन्यात त्याचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे नग, खाली येतं. सातव्यात आपण त्याला घरी पाठवतो. मग नवा मुलगा, पुन्हा रिजेक्शन, पुन्हा ग्राहकाची तक्रार, आणि मीटिंगमध्ये पुन्हा तेच वाक्य.

आता भरती कशी होते ते बघा. सकाळी सहाच्या आधीपासून गेटवर मुलं उभी असतात. पाठीला सॅक, प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार, दहावी-बारावीचे किंवा आयटीआयचे मार्कशीट, बँक पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो. बीड, लातूर, नांदेड, वाशीम, यवतमाळ. बरीचशी रात्रीच्या एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने उतरून थेट आलेली. ठेकेदाराचा माणूस यादी घेऊन येतो, वीस हवेत तर वीस मोजतो. ना कामाची माहिती, ना पगाराचा कागद. काही ठिकाणी लावून देण्याचे पैसेही घेतले जातात. हजार-दोन हजार, कधी पहिल्या पगारातले अर्धे. ज्याच्याकडे परतीच्या तिकिटाचे पैसे नाहीत त्याच्याकडून नोकरीचे पैसे घेणं हे पाप आहे. मला दुसरा शब्द सुचत नाही.

जिथे इंटरव्ह्यू होतो तिथेही धड होत नाही. आधीच्या कंपनीत आम्ही आयटीआयच्या मुलांना ठरलेला प्रश्न विचारायचो, व्हर्निअरचा (बारीक मापं घ्यायच्या अवजाराचा) लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप किती? सगळे म्हणायचे, शून्य पूर्णांक शून्य दोन मिलिमीटर. घेतलं. एकदा सहज म्हणून मी टूलरूममधून एक बुश (नळीसारखा लहान सुटा भाग) आणि व्हर्निअर आणून टेबलावर ठेवला. उत्तर बरोबर देणाऱ्या मुलाने व्हर्निअर हातात घेतला, उलटा धरला, आणि त्याचा चेहरा पडला. त्यांच्या संस्थेत तीस मुलांमध्ये तीन व्हर्निअर होते, याच्या हाती तो कधी आलाच नव्हता. त्याच्यानंतर एक मुलगा आला, दहावी नापास, गावाकडे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात चार वर्षं काढलेली. त्याने बुश फडक्याने पुसला, जबडे हलकेच टेकवले, आतला व्यास दोनदा वेगवेगळ्या जागी मोजला आणि म्हणाला, "मॅडम, हा जरा अंडाकृती आहे." बुश रिजेक्शनच्या पेटीतलाच होता.

दोघांनाही घेतलं. पहिल्याला महिनाभर क्वालिटीतल्या एका जुन्या माणसाशेजारी बसवलं. आज तो एका चांगल्या कंपनीत इन्स्पेक्टर आहे. चूक त्याची नव्हती. दोन वर्षं फिटरचा कोर्स करून ज्याच्या हातात अवजार पडलं नाही, त्याला आपण 'अनएम्प्लॉएबल' म्हणून मोकळे होतो.

मुलं पहिल्या पंधरा दिवसांत का पळतात, हे मला फार उशिरा कळलं. मी समजायचे, काम जड आहे, उभं राहवत नाही, नाइट शिफ्ट झेपत नाही. तेही असतं. पण गेल्या वर्षी मी ठरवून सोडून गेलेल्या मुलांना एकेक करून फोन लावले. नांदेडकडचा एक मुलगा बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "मॅडम, मेसवाल्याने डबा बंद केला. घरून मागायला बरं वाटत नव्हतं."

हिशोब साधा आहे. मुलगा समजा आठ तारखेला कामाला लागला. पगार होणार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला, म्हणजे पूर्ण एक महिना त्याला स्वतःच्या पैशावर काढायचाय. खोलीत कॉट घेतली तर अडीच हजार आणि तेवढंच डिपॉझिट. मेसचे तीन हजार, तेही आगाऊ. शेअर रिक्षाचे रोजचे पैसे. वर ठेकेदार सेफ्टी शूज आणि गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापणार. घरून निघताना आईने दिलेले पैसे दहाव्या दिवशी संपतात. मग तो मुलगा नाइट शिफ्टला रिकाम्या पोटी येतो, पहाटे चारला मशीनपाशी चक्कर येते, सुपरवायझर ओरडतो, आणि सकाळी तो बॅग उचलून एसटी स्टँड गाठतो. आपण रजिस्टरमध्ये लिहितो: 'अब्सेंट, विदाउट इंटिमेशन.'

मी व्यवस्थापनाकडे एकच गोष्ट मागितली. नव्या मुलाला सातव्या दिवशी दोन हजार उचल, पंधराव्या दिवशी आणखी दोन हजार, तीन पगारांतून थोडे थोडे वळते करून घ्यायचे. आणि बूट कंपनीचे. लेखा विभागाचं म्हणणं होतं की मुलं उचल घेऊन पळतील. सहा महिने झाले. काही पळाले, पण जे जायचे ते आधीपेक्षा कितीतरी कमी झालेत. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीला उचल द्यायची हे मुकादमाला कळतं. त्या उचलीतून किती घरं पिढ्यान्पिढ्या अडकली हे मी जाणते, म्हणून आमच्याकडे रक्कम लहान ठेवली, व्याज नाही, आणि सोडून गेला तर मागे लागायचं नाही असं लिहून घेतलं. पण नव्या माणसाला पहिला महिना काढायला पैसे लागतात, एवढी साधी गोष्ट एमबीए झालेल्या आम्हा लोकांना कळू नये?

एक गोष्ट लिहू की नको असं होतंय, पण लिहितेच. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कारखान्यात, पॉवर प्रेसवर तिसऱ्या दिवसाच्या मुलाची दोन बोटं गेली. त्या प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणावर असतील तरच रॅम (वरून दाबणारा ठोकळा) खाली यावा, म्हणजे हात डायमध्ये, खालच्या साच्यात, राहूच शकत नाही. टार्गेट गाठायला त्यातलं एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं होतं. आधीच्या ऑपरेटरला ते माहीत होतं, या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा होता. त्याचे वडील धोतर-टोपीत आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "ताई, शेतात ठेवला असता तर बरं झालं असतं." ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) त्याचं नाव अपघात झाल्यानंतर धावपळ करून घातलं गेलं. तेव्हापासून माझा नियम आहे, ईएसआयचा नंबर निघाल्याशिवाय मुलगा शॉपमध्ये पाऊल टाकणार नाही. प्रॉडक्शनवाले चिडतात. चिडू देत. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याचे फक्त पाऊण टक्का कापले जातात आणि कंपनीचे सव्वातीन टक्के. तेवढ्यावर त्याच्या हातापायाची जबाबदारी कुणीतरी घेतं.

आता ते दुसरं वाक्य. 'मराठी पोरं नकोत, ती भांडतात, गावाला पळतात. बाहेरची पोरं मुकाट्याने काम करतात.' हे मराठी सुपरवायझरच मला सांगतात. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत, मेहनती आहेत, मला त्यांच्याबद्दल माया आहे. पण ती मुकाट्याने का राहतात? घरी जायला दोन दिवसांचा रेल्वेप्रवास आहे आणि खिशात तिकीट नाही. त्यांच्या अडचणीला आपण गुण म्हणतो. आणि लातूरचा मुलगा एका रात्रीत घरी जाऊ शकतो, म्हणून तो अन्याय झाला की निघून जातो, त्याला आपण दोष म्हणतो. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या हे राज्याचं धोरण कधीपासून कागदावर आहे. पण ज्या नोकरीत सात महिन्यांनी बाहेर काढतात, तिचे ८० टक्के घेऊन आमच्या पोरांनी काय करायचं?

आणि गावाला पळतात म्हणजे कुठे पळतात हेही बघा. सोयाबीन काढणीला, घरात बाप एकटा असतो म्हणून. पोलीस भरतीच्या ग्राउंडला, कारण ती परमनंट नोकरी आहे. आमच्याकडे आता ग्राउंडसाठी चार दिवस बिनपगारी रजा देतो. निवड बहुतेकांची होत नाही. ती मुलं परत येतात, कारण जागा शाबूत असते.

'ट्रेनी' या शब्दाचं काय करायचं ते मला कळत नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा चांगल्या हेतूने झालेला आहे. त्यात शिकाऊ मुलगा 'कामगार' धरला जात नाही, कारण तो शिकायला आलाय असं गृहीत आहे. सरकार त्याच्या विद्यावेतनाचा काही भागही उचलतं. पण ज्या लाइनवर सगळेच ट्रेनी, तिथे शिकवणार कोण? आमच्या पिंपरी-चिंचवडला टेल्को (आताची टाटा मोटर्स) आली तेव्हा तिचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी सुरुवातीलाच प्रशिक्षण विभाग उभा केला, मुलांना फाइलिंगपासून घडवलं. या पट्ट्यातल्या कितीतरी लघुउद्योजकांचा हात तिथे बसलाय. माझे पहिले साहेब तिथलेच. ते नव्या मुलाच्या मागे उभं राहून फक्त त्याचे पाय बघायचे. म्हणायचे, उभं राहायचं कसं ते आलं की निम्मं काम आलं.

ज्यांची मुलं यंदा बाहेर पडतायत त्यांना हात जोडून सांगते, नोकरी लावायला एक रुपयाही देऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यानुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावं लागतं, ठेकेदाराकडचा असला तरी. ते मागा, नाही म्हणाले तर पुन्हा मागा. मुदतीच्या करारावर थेट कंपनीने घेतलं असेल तर वर्षभर भरल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीला द्यावा लागतो, हे तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं. शिकाऊ म्हणून घेतलं तर करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का ते बघा, आणि शेवटची परीक्षा दिल्याशिवाय तिथून बाहेर पडू नका. ते प्रमाणपत्र पुढे उपयोगी पडतं. यूएएन पाठ करा आणि महिन्यातून एकदा पासबुक उघडा.

माझ्यासारख्या एचआरवाल्यांनो, तुमच्या ठेकेदाराकडच्या फायली एकदा मागवून बघा.

ग्राइंडिंगवरच्या त्या मुलाला कंपनीच्या मस्टरवर घ्यावं म्हणून गेल्या गुरुवारी मी अर्ज वर पाठवला आहे. सोबत त्याच्या पासबुकाची प्रिंट जोडली आहे. पाचही नंबरांभोवती लाल पेनाने गोल केलेत आणि खाली मशीन नंबर लिहिलाय, एकच. अजून सही झालेली नाही. झाली की इथेच कळवेन.