दंड वसूल करणार कोण?

आरोग्य विम्यावरच्या तुमच्याकडल्या लेखात लेखकाने अमेरिकेचा दाखला देऊन या विम्याची सक्ती मागितली आहे. पण तिथला विमा सक्तीचा करणारा २०१० चा कायदा सुप्रीम कोर्टात टिकूनही २०१९ पासून विमा न घेणाऱ्यांवरचा केंद्राचा दंड शून्यावर आला, हे लिहायचं राहिलं वाटतं! सक्तीमागचं गणित मात्र पटतं. धडधाकट लोक बाहेर राहिले की आजाऱ्यांचा हप्ता चढतच जातो. आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांतल्या कामगाराच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, ०.७५ टक्के कापतातच की, त्याला कुठे विचारतात? प्रश्न पेठ-सुरगाण्याहून निफाडला द्राक्षबागांच्या गोडी छाटणीला येणाऱ्या मजुराचा आहे. मजुरी रोख, तीही मुकादमाच्या हातून. हप्ता कशातून कापणार? आणि दंड वसूल करायला बागेत कोण जाणार, तलाठीभाऊसाहेब?