प्रकाश म्हणजे ज्ञान, एवढंच? (एका कमेंटला उत्तर)

सर, 'जगाचा प्रकाश' या लेखावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. "ताई, भावनेच्या भरात लिहिता, जरा अभ्यास करत चला. बायबलमधला प्रकाश म्हणजे ज्ञान, ते आपल्या तमसो मा ज्योतिर्गमयमध्ये आधीच आहे. मंदिरातल्या दिव्यांचा आधार काय? आणि उत्पत्तीच्या पुस्तकात देवानं सूर्य चौथ्या दिवशी केला तर पहिल्या दिवशी उजेड कुठून आला?"

मुद्दा मांडा ना, कोण नको म्हणतंय, पण हे 'अभ्यास करत चला' कशासाठी? बावीस वर्षं संडे स्कूल घेतलंय मी, आणि तुम्ही मला ओळखतही नाही.

दिव्यांचं तुमचं बरोबर आहे. मंडपांच्या सणात, म्हणजे यहुद्यांच्या एका सणात, यरुशलेमच्या मंदिरात, स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे दीपस्तंभ पेटवायचे, याजकांच्या जुन्या कपड्यांच्या वाती करून, हे मिश्नात, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या नियमसंग्रहात आहे. योहानाच्या शुभवर्तमानात नाही. येशू 'मी जगाचा प्रकाश आहे' म्हणतो त्या योहान ८:१२ च्या प्रसंगातच ते लिहिलंय असं वाटेल असं मी लिहिलं, चूक झाली, दुरुस्त केलीय.

पण प्रकाश म्हणजे ज्ञान हे मी मान्य करणार नाही. योहान ३ उघडा. निकदेम नावाचा परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, येशूकडे येतो तो रात्री, आणि येशू त्याला म्हणतो, तू इस्राएलाचा गुरू ना? म्हणजे ज्ञान त्याच्याकडे भरपूर होतं. त्याच अध्यायात पुढे आहे की प्रकाश जगात आला पण माणसांना अंधार जास्त आवडला, का, तर त्यांची कृत्यं वाईट होती आणि ती उघडी पडतील म्हणून. कळत नव्हतं म्हणून नाही हो! शौलाचंही, म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाचंही तेच, गमलियेल या नावाजलेल्या गुरूच्या पायाशी शिकलेला माणूस, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रकाश पडला आणि तीन दिवस त्याला काही दिसेना.

मला हे पुस्तकातून नाही कळलं. गुरुवार पेठेत वाड्यात राहायचो आम्ही. लाईट गेली की आई राखेनं काच पुसून कंदील लावायची आणि प्रार्थना व्हायची. वडील पिऊन आलेले असले की कंदिलाजवळ यायचेच नाहीत, दाराशी अंधारात बसायचे, आणि तिथूनच स्तोत्र ११९ म्हणायचे, "तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे", एक शब्द चुकायचा नाही. आई काही बोलायची नाही, फक्त वात जरा वर करायची. ते लगेच तोंड फिरवायचे. त्या माणसाला सगळं पाठ होतं, सर. मग कमी काय होतं तुम्हीच सांगा.

बृहदारण्यक उपनिषदातली ती 'तमसो मा'ची प्रार्थना मलाही आवडते, शाळेत रोज म्हणायचो आम्ही, पण दोन्हीकडे दिवा आहे म्हणून दोन्हीकडे एकच सांगितलंय असं होत नाही. सूर्याच्या मुद्द्यावर मी वेळ घालवणार नाही, तो प्रश्न मला आठवीतली पोरंही विचारतात.

योहान ९ चा शेवट तेवढा वाचा. "आम्हाला दिसतं" म्हणणाऱ्या परुश्यांना येशू काय म्हणतो ते बघा, आणि मग मला अभ्यास करायला सांगा.